चेअरमनची पिल्लं

—कोण म्हणलं पिल्लं न्या म्हणून? तुमच्या आक्कानं? परत एकदा सांगा सितारामराव, मला नीट ऐकू आलं न्हाई. चुडाव्याहून इतक्या लांब फटफटीवर तुमी आलाव, आन मी यडा, मला वाटलं मेव्हणा आला, बहिणीचं काईतरी बोलाया आला, दोन शब्द इकडचे तिकडं करील — म्हणून चहाचं आधण ठिवलं मी — आन तुमी म्हणताव, दाजी, आक्कानं पिल्लं आणाया सांगितलंय. पिल्लं. बरं. मी जिता हाय का मेलो हे इचारलं का तिनं? न्हाई ना. मालूम होतं मला. ते डालगं खाली ठिवू नका. न्हाई, ओट्यावर बी न्हाई, तिकडं, फाटकाच्या बाहीर. तुमच्या घरी कोंबड्या हायत, त्यांच्यातलंच असंल ते, त्याला काय रोग चिटकून आलाय कुणाला ठावं. आन चप्पल काढा. काढा म्हणलं ना. दारात चुना टाकलाय त्याच्यावर पाय देऊन या. हसू नका, पाव्हणं. आमच्या सुकेशनीचा नवरा आला होता मागल्या हप्त्यात, जावाई माणूस, त्याला बी चुन्यावर उभं केलं मी, तो बी असाच हसला.

काय बघायलाव? हे ब्रूडर हाय, पिल्लांना ऊब द्यायचं. गावातले लोक याला चेअरमनचा दवाखाना म्हणतेत, म्हणू द्या. पत्रा वाकवून गोल केलाय — गोल कामून, तर कोपरा नको म्हणून. पिल्लाला थंडी वाजली का ते कोपरा धरतं, एकानं धरला का समदे त्याच्या अंगावर जाऊन पडतेत, आन खालचे गुदमरून मरतेत. म्हणून कोपराच ठिवायचा न्हाई. खाली सुताराकडला भुसा, वर जाळी, जाळीवर सांजच्याला पोतं — पण समदं झाकायचं न्हाई, हे बघा, इतकी फट ठिवायची, न्हाईतर आत कोंदतं. अंगणात उघड्यावर हाय म्हणून वरून पाचटाचं छप्पर केलं. आन हा बलब. दोरीला कामून टांगलाय? खालवर करायला. पिल्लं बलबाखाली गोळा झाली का समजायचं गारठलीत, बलब खाली घ्यायचा. कडंला जाऊन चोची वासून बसली का गरम व्हायलंय, वर घ्यायचा. आन सगळीकडं पांगून आपापलं टिपायली, का मग आपण काईच करायचं न्हाई, गुमान बसायचं. पिल्लाला बोलता येत न्हाई पण ते सांगतं. तुमच्या आक्काला बोलता येत होतं, तिनं सांगितलं न्हाई. इतकी वर्षं संसार केला, कव्हा तोंड उघडलं न्हाई, आन उघडलं तर एकदाच, ते बी समद्या गल्लीला ऐकू जाईल असं.

काय बोलली म्हणून मलाच इचारताव? तुमाला सांगितलं न्हाई तिनं? खरंच न्हाई? महिना उलटून गेला, बहीण तुमच्या घरात, तुमच्या ताटातलं खायली, आन तुमी इचारलं न्हाई का आक्का कामून आलीस? ... इचारलं. मग? ... पिल्लं लहान हायत तवर राहाते म्हणली. बास. इतकंच. म्हणजे तुमी काय समजून बसलाव — मी मारलं? सांगा की. तुमच्या बायकूनं म्हणलं असंल, दाजीनं हात उचलला असंल म्हणून. मी हात न्हाई लावला तिला. इचारा गल्लीला, या गोजरबाईला इचारा, भिंतीपल्याड राहती, माझ्या घरात वाटी पडली तरी तिला ऐकू जाती. हात न्हाई, शिवी न्हाई. मग ऐका आता, आलाव ते आलाव. उभं राहून न्हाई, बसा त्या बाजंवर. उजेड आडवू नका.

पयली चूक तुमची. हां, तुमची. तुमच्या प्रियंकाचं डोहाळजेवण होतं, दोन दिसांत येते म्हणून गेली ती, आन तुमी आठ दिस ठिवून घेतलं. कामाची बाई म्हणून. डोहाळजेवण झाल्यावर पापड लाटायला, गोधड्या शिवायला. तुमी टायमावर धाडली असती तर पुढचं काईच झालं नसतं. त्याच हप्त्यात मला सोसायटीचा चेअरमन केलं. बिनविरोध. मी मागितलं न्हवतं, लोकांनी केलं, घरी येऊन हार घातला. आता हार घातल्यावर लोक सुके जातेत का? दत्तराव म्हणला, चेअरमन, कोंबडं कव्हा? म्या म्हणलं, आत्ता गंगाखेडाहून आणतो. तर म्हणतेत, बॉयलर आमी खात न्हाई, गावरान पायजे, तुमच्या अंगणात इतक्या फिरायल्यात त्या काय देवाला सोडल्या का? दहा माणसं उभी, गळ्यात हार, आन मी काय म्हणायला पायजे होतं? बायकूला इचारून सांगतो? म्हणलं असतं तर आजपस्तोर त्याच नावानं हाक मारली असती मला. तुमी म्हणलं असतं का? न्हाई ना. मग माझ्याकडं असं बघू नका.

दोन कोंबडे होते ते दसऱ्यालाच जावायाच्या पानात गेले होते. उरल्या कोंबड्या. त्यांच्यातला नागनाथ उतरला धरायला. आता गावरान कोंबडी म्हणजे काय आईती हाय का — तो मागं, ती पुढं, एक गेली लिंबावर, एक गेली गोजरबाईच्या कौलावर, दोन गोठ्यात कडब्यात शिरल्या. समदे हसायले. म्हणतेत, चेअरमनच्या कोंबड्या बी चेअरमनला मत देईनात. शेवटी सापडल्या त्या तीन. तिघी पिल्लावाल्या. तीन-चार दिसांचीच पिल्लं होती खाली, तिघींची मिळून तीसेक. मी म्हणलं नागनाथला, अरे ह्या न्हाई, ह्या नको — म्हणलं मी. हळू म्हणलं असंल. पण त्याला त्याच सापडल्या तर तो काय करील? पळाल्याच न्हाईत त्या. दुसऱ्या समद्या पळाल्या आन ह्या तिघी जाग्यावर फुगून बसल्या, पंखाखाली पिल्लं घेऊन. चोच मारली एकीनं, नागनाथच्या हाताला रगत आलं, पण उठली न्हाई. उठली असती तर वाचली असती. हे माझ्या ध्यानात लय उशिरा आलं, पाव्हणं. त्या टायमाला मला इतकंच वाटलं का बरं झालं, सापडल्या एकदाच्या, लोकाईचा खोळंबा चुकला.

काय? चांगलं झालं होतं का म्हणून इचारताव का काय? न्हाई? मग तोंड कामून वाकडं केलंय? ... हां, झालं होतं चांगलं. दत्तरावनं मसाला घातला. मी पिल्लं टोपल्याखाली झाकून ठिवली, ज्वारी टाकली मूठभर — आक्खी ज्वारी. दोन बोटांएवढं पिल्लू, त्याच्या घशाखाली आक्खी ज्वारी जाती का, पण मला काय मालूम. या घरात कोंबडीला दाणा टाकायचं काम मी कव्हा केलंच न्हवतं. अंडं ताटात आलं का खायचं. अंड्याचं पिल्लू कसं हुतं, पिल्लाची कोंबडी कशी हुती, त्यातली किती घार नेती, किती मांजर खातं — ते समदं तिचं. तिनं कव्हा सांगितलं न्हाई, मी कव्हा इचारलं न्हाई.

आन दुसऱ्याच दिशी आली ती. सकाळच्या जीपनं उतरली, हातात तुमच्याकडली ती पिशवी, लाडू होते त्याच्यात डोहाळजेवणाचे. मी बाजंवरच होतो, ह्याच बाजंवर. फाटकातून आत आली आन उभीच राहिली. खाली उकिरड्याच्या कडंला पिसं होती. पिसं कुणी गोळा करतं का? पडली होती. एकीची ती पांढऱ्या ठिपक्याची पिसं, ती तर लांबूनच ओळखू यायची. टोपल्याखाली चिवचिव चालूच होती, रात्रभर चालू होती ती, मी कानावर गोधडी घेऊन झोपलो होतो. तिनं टोपलं उचललं. खाली बघितलं. आता माणसानं काईतरी बोलायला पायजे ना — मी म्हणलं, हात-पाय धू, तुझ्यासाठी रस्सा ठिवलाय काढून.

...

चांगल्या मनानं म्हणलं मी ते. खरंच ठिवला होता, वाटीवर वाटी झाकून. लोक मागत होते तरी दिला न्हाई, म्हणलं, घरच्या माणसाचा हाय. तर तिनं टोपलं तसंच हळू खाली ठिवलं, पदर नीट केला आन म्हणली — माझ्याकडं बघून न्हाई, त्या टोपल्याकडं बघून म्हणली, पण आवाज असा का गोजरबाई भिंतीवरून डोकवायली — म्हणली, "ज्यानं माय खाल्ली, त्यानं पिल्लं पोसावी." आन पिशवी उचलून आली तशी फाटकाबाहीर. पाणी बी पिली न्हाई. लाडू बी ठिवले न्हाईत. मला वाटलं शेजारी जाऊन बसंल, दुपारून भाकरी टाकायला यील. जीप तिथंच उभी होती चौकात, भरायची वाट बघत. त्याच जीपनं गेली.

तुमाला हे ठावं न्हवतं. तिनं तुमाला सांगितलंच न्हाई, आन मी गाढव आपल्याच तोंडानं सांगून बसलो. बरं. आता ऐकलंच हाय तर समदं ऐका, अर्ध्यावर जाऊ नका.

मला असा राग आला होता पाव्हणं, का टोपलं उचलून फेकून द्यावं वाटलं. दोन पायली ज्वारीची कोंबडी न्हाई, तिच्यापाई नवऱ्याला टाकून जाती? चेअरमन झाल्याला एक दिस झाला न्हाई तर गावात बोभाटा. म्हणलं, मरू द्या पिल्लं, पोसत न्हाई, बघू काय करती. आन सांजच्याला टोपलं उचललं तर पाच-सहा आडवी पडलेली. समदी एका अंगाला गोळा होऊन, खालची चपटी झालेली. उरलेली माझ्या पायावर चढायली. पायावर. ऊब लागती ना पायाची. मी पाय मागं घेतला तर पुन्हा यायली. ज्यानं — जाऊ द्या. त्यांना काय कळतंय कुणाचा पाय हाय ते.

मग म्हणलं, असं काय. पोसावी म्हणती का. बघच मग. एक न् एक जगवून दाखवतो, कोंबड्या करून दाखवतो, आन मग गावादेखत तुझ्या भावाच्या दारात नेऊन सोडतो, म्हणावं मोज. रागानं केलं हे समदं. कुणी म्हणत असंल चेअरमनला पस्तावा झाला, तर खोटं हाय ते. राग. चार इटा लावून चौकोन केला, बलब सोडला, झालं म्हणलं. तर दुसऱ्या दिशी अजून दोन कोपऱ्यात मेलेली. ही गोजरबाई भिंतीवरून म्हणती, "माणिकराव, कोपरा मोडा. कोंबडीच्या पोटाला कोपरा असतो का?" आता मला शिकवायलीस का म्हणून मी खेकसलो तिच्यावर. पण पत्रा आणला. वाकवताना हात कापला, हे बघा. मग म्हणती, "आक्खी ज्वारी काय घालताव, दात हायत का त्यांना?" मग मक्का भरडून आणला, बारीक, रव्यासारखा. पयले दिस भुश्यावर पेपर अंथरून त्याच्यावर टाकायचा, न्हाईतर पिल्लू भुसाच खाऊन बसतं. पाण्यात गूळ. पाणी थाळीत, थाळीत खडे, न्हाईतर पिल्लू पाणी प्यायला जातं आन त्याच्यातच बुडून मरतं. इतकं पाणी, बोटाच्या पेराइतकं, त्याच्यात मरतं. मरायला काईच लागत न्हाई यांना. जगायला मातर समदं लागतं.

आन हे सांगितलं तर तुमी घरी जाऊन हसाल — पिल्लाची शी वाळून मागं चिटकून बसती, वाट बंद हुती, मग ते फुगून मरतं. मग कोमट पाण्यात कापूस बुडवून एकेकाचं ढुंगण पुसायचं. दत्तराव आला होता सोसायटीच्या मीटिंगचं सांगायला, तर चेअरमन उकिडवा बसून पिल्लाचं ढुंगण पुसायलाय. उभा राहिला, बघितलं, म्हणला, "मीटिंग पुढं ढकलू का?" ज्यानं मसाला घातला तो. त्या दिशी मी त्याला असा बोललो, असा बोललो — म्हणलं, खाताना दहा जण होते रे, आता एकानं येऊन बलब धरा. आला का कुणी? नागनाथ रस्ता बदलून जातो. जाऊ द्या. मला तरी दुसरं काय काम होतं? घरात बसलं का भिंती अंगावर येतेत. इथं बसलं का निदान यांची चिवचिव असती. डॉक्टरकडून लसीचे थेंब आणले, लासोटा का काय म्हणतेत, एकेक हातात धरून डोळ्यात थेंब टाकला. धडधडत असतं सारं अंग, मुठीत निस्ती धडधड. पंधरा मिनटं लाईट गेली तर मी मडक्यात निखारे घेऊन पळायलो. भाकरी करपली तरी चालती, बलब विझला न्हाई पायजे. भाकरी म्हणजे — येत न्हाई मला, जाडी हुती, मधी कच्ची राहाती. ती बी यांनाच चुरून घालतो. आमी समदे मिळून खातो. हसा.

आता बघा कशी झाल्यात. पिसं फुटली, त्या लाल्याला तर तुरा दिसायला लागलाय, भांडतो समद्यांशी. आन ती ठिपक्याची हाय ना, कडंला उभी — तिच्या मायवर गेलीय. तिला मी — हात लावू देत न्हाई ती मला. बाकी समदी हातावर येऊन खातेत, ती येत न्हाई. लांबून बघती.

एक गोष्ट सांगू नका तिकडं. मी आलो होतो चुडाव्याला. हां. तुमच्या गावाला. मागल्या आमुशाच्या आदल्या दिशी, रेल्वेनं, धुतलेलं धोतर नेसून. ठेसनात उतरलो आन बाकड्यावर बसलो. म्हणलं जरा दम घ्यावा आन मग जावं. बसलो ते बसलोच. काय म्हणायचं हेच जमंना. वाटंनं जमवत आलो होतो चार वाक्यं, ठेसनात एक बी उरलं न्हाई. मग म्हणलं, पिल्लं गोजरबाईवर टाकून आलोय, म्हातारी ईसरंल बलब लावायचा, आन उलटी गाडी आली तिच्यात बसून माघारी. घरापस्तोर बी न्हाई आलो. कुणाला दिसलो न्हाई ते एक बरं—

काय? दिसलो? कुणाला? ... तो चहावाला? त्यानं येऊन सांगितलं तुमच्या घरी? काय तोंड असतं एकेकाला. मग? ती होती तिथं? ऐकलं तिनं? ... काय म्हणली? ... काईच न्हाई. बरोबर हाय. तिची जातच तशी. ... दोन भाकरी जास्त टाकल्या? सांजच्याला? कशावरून म्हणताव, तुमच्या घरचं कुणी जास्त खाल्लं असंल. ... झाकून ठिवल्या होत्या. मग कुणी खाल्ल्या? ... सकाळी कुत्र्याला घातल्या. बरं केलं. कुत्र्यानं तरी कुणाचं काय घोडं मारलंय.

थांबा जरा, धूर लागला डोळ्याला. आधण उतू गेलं वाटतं आत. जाऊ द्या, नगं आता चहा.

मला एक सांगा, खरं सांगा, तुमच्या घरी जागा हाय का पिल्लं ठिवायला? दोन खोल्या तुमच्या, आता प्रियंका बाळंतपणाला आलेली. कुठं ठिवणार हाय ती यांना, न्हाणीत? ... शेड? कुणी मारलं शेड? तुमी? पत्र्याचं? ... तिच्यासाठी.

...

तिनं मागितलं का तुमीच मारलं? ... तिनं मागितलं. म्हणजे गोठ्याच्या बाजूला, कायमचं. लाईट बी घेतली आत. बरं. बरं, चांगलं केलं. भाऊ असावा तर असा. किती लांब हाय? तोंड कुणीकडं केलंय? कुणीकडं म्हणजे, लांबी उगवती-मावळतीला ठिवली का न्हाई? ठावं न्हाई? शेड मारलं आन तोंड ठावं न्हाई? उनाची तिरीप डायरेक आत जाती, पिल्लं भाजून निघतेत. जाळी किती बारकी लावली? बोट जातं? मग मुंगसाचं तोंड बी जातं. साप जातो. असंच काईतरी करून ठिवता तुमी लोक, आन मग म्हणता पिल्लं जगली न्हाईत. आन ती काय — ती तिथं कायमची, आन मी इथं रिकाम्या पत्र्यात बलब लावून बसू? हे इचारलं का तिला? न्हाई इचारलं तुमी. कुणीच काई इचारत न्हाई या खानदानात. मी बी न्हाई इचारलं, मला मालूम हाय, ते तुमी सांगू नका.

न्यायची म्हणताव ना, न्या. तिचीच हायत. कोंबड्या तिच्या, अंडी तिची, मी काय निस्ता चाकर. आणा ते डालगं. आधी उनात आपटा, झाडा, आतून चुना फिरवा. असं न्हाई, द्या इकडं. खाली भुसा टाकू द्या, न्हाईतर पाय घसरतेत यांचे, पाय फाकले का पिल्लू जन्मभर लंगडं. असं धरायचं, पाठीवरून, पंखासगट, पाय लोंबकळू द्यायचे न्हाईत. तुमी नका धरू, घाबरतील. ये. ये. हां. हा लाल्या, याला येगळा ठिवायला सांगा, चोची मारतो. ही पांगळी न्हाई, निस्ती हळू हाय, हिला खायला मागं राहू द्यायचं न्हाई. ... ती ठिपक्याची सापडंना. राहू द्या, पोतं टाकतो तिच्यावर. बघा, धरलं तरी ओरडंना. बघायली निस्ती.

झाकण लावू नका घट्ट. कुठं बांधणार? मागं, क्यारेजला? डोकं ठिकाणावर हाय का पाव्हणं? दोन तासांची वाट, गार वारं, खड्डे, पूर्णेपस्तोर समदी एका अंगाला जातील, आन मग खालच्या — तुमच्या आक्काच्या हातात काय देताल, चपटी पिल्लं? तिनं झाकण उघडलं आन तेच बघितलं म्हणजे? न्हाई. बांधायचं न्हाई. मांडीवर धरून न्यावं लागंल, पुढून धोतर-कांबळं लावून, खड्डा आला का उचलून. कोण धरणार? तुमी गाडी चालवणार का डालगं धरणार? फोन करून जीप बोलवू नका, जीपमधी तमाम पाय असतेत लोकाचे.

थांबा. कांबळं घेतो. गोजरबाई — ओ गोजरबाई, म्हशीला पाणी दावा सांजच्याला. चुडाव्याला चाललो. न्हाई, तिला आणाया न्हाई, पिल्लं पोचवाया. म्हशीकडंच बघा तुमी, माझ्याकडं नका बघू.

आन सितारामराव, तुमी बी समजून असा. मी पिल्लं पोचवाया यायलो. शेडाचं तोंड बघतो, जाळी बदलाया सांगतो, बलब कुठं टांगायचा ते दावतो. ती म्हणली माघारी जावा, तर ठेसन मला ठावं हाय. ती काई बोलली न्हाई तरी चालतंय. मला बी काई बोलता येणार न्हाई, ते मला आत्ताच दिसायलंय. व्हा पुढं. डालगं द्या इकडं, बसल्यावर द्या. हां. चालवा आता, हळू चालवा, आन रस्त्यानं माझ्याशी एक शब्द बोलू नका.